जुनी पद्मिनी, डायनामो आणि सारखी उतरणारी बॅटरी: सुरुवात कुठून करायची?

पद्मिनी१९७८ (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. घरात बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी रोजची नाही. लग्नकार्याला, यल्लम्माच्या डोंगरावर, आणि वर्षातून दोन-तीनदा सांखळीला आत्याकडे. इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारा मूळचा डायनामोच अजून आहे, त्याच कामाचा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर नाही.

चौदा महिन्यांत ही दुसरी बॅटरी, आणि तीही उतरायला लागली. गेल्या रविवारी सांखळीहून परत येत होतो. चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या अलीकडे आलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. पाऊस, धुकं, हेडलाइट आणि वायपर दोन्ही चालू. आधी वायपर जड झाला, काचेच्या मध्यावर येऊन थांबायचा आणि मग पुढे सरकायचा. नंतर हेडलाइट पिवळी पडत पडत समईएवढी झाली. बाबा म्हणाले, "काही झालं तरी इंजिन बंद करू नकोस, नाहीतर इथंच मुक्काम." एका मालट्रकचे मागचे दिवे धरून जांबोटीपर्यंत आलो. तिथे चहाच्या टपरीसमोर गाडी बंद पडलीच. टपरीवाल्या मामांनी आणि दोन पोरांनी धक्का मारून दिला, पैसे घेतले नाहीत.

इथे एका दुकानात सांगितलं की बॅटरीच खराब, नवी घ्या. दुसरीकडे सांगितलं की डायनामो काढून टाका, अल्टरनेटर बसवा. बाबा डायनामोला हात लावू देत नाहीत.

माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरीवर ११.९ व्होल्ट. चालू करून आयडलला ११.७. रेस वाढवली की १२.४, हेडलाइट लावली की रेसवरसुद्धा परत ११.९ आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो.

बाकी गाडी झकास आहे. चोकची केबल तेवढी गेल्या महिन्यात बदलली, आतल्या आत चिकटली होती. दोन वर्षांत दुसऱ्यांदा.

बॅटरी, डायनामो, कटआउट (या दोघांमधला आपोआप लागणारा-सुटणारा स्विच), यातलं आधी काय बघू?

कॅम्पातला_बंड्या

त्या जांबोटीच्या मामांना पुढच्या खेपेला आपली बेळगावी मिठाई, कुंदा, घेऊन जा. बाकी जाणकार सांगतील.

चिकोडीकर२३

स्पष्ट सांगतो, दुसऱ्या दुकानाचं बरोबर आहे. माझ्या काकांच्या पद्मिनीला आम्ही अल्टरनेटर बसवला, त्याला सहा वर्षं झाली. ब्रॅकेट उद्यमबागेतल्या लेथवर करून घेतला. डायनामो आयडलला काहीच देत नाही. सिग्नलला, रेल्वे फाटकाला गाडी उभी असली की बॅटरी खाली होत राहते. अल्टरनेटर उभ्या गाडीतसुद्धा चार्ज करतो. आता रस्त्यावर गर्दी वाढली, दिवे वाढले, लोक गाडीत मोबाईल चार्ज करतात. १९७८ च्या मानाने केलेली व्यवस्था आजच्या वापराला कशी पुरेल?

उद्यमबागचे_काका

पोरा, मी चाळीस वर्षं डायनामो आणि सेल्फ रिवाइंड केले. आता डोळ्यांमुळे काम सोडलं. तुझं रीडिंग वाचून सांगतो, बॅटरीवर आत्ताच खापर फोडू नको. बॅटरी ही घागर आहे. नळाला पाणी नसेल तर घागर बदलून काय होणार?

माझ्या गुरूंचं गॅरेज होतं, ते कन्नड बोलायचे. कुठलीही गाडी आली, गिऱ्हाईक काहीही सांगो, त्यांचं एकच वाक्य: "मोदल बेल्ट नोड्री." आधी बेल्ट बघा. मीसुद्धा तेच सांगतो. इंजिन बंद करून फॅन बेल्ट अंगठ्याने मधोमध दाब. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त दबला तर ढिला. अजिबात दबत नसेल तर फार ताणलाय, मग डायनामोचं बेअरिंग आणि वॉटर पंप दोन्ही जातील. बघून इथे लिही. नवीन काही विकत घेऊ नको.

निपाणी_नाना

काकांशी सहमत. माझी मारुती ८०० आहे, त्यात अल्टरनेटर, तरी गोष्ट तीच. चार्जिंग होत नव्हतं. अल्टरनेटर काढून तपासला, चांगला निघाला. परत बसवला, तरी चार्जिंग नाही. शेवटी कळलं की मीटरमधला बॅटरीचा छोटा बल्ब उडाला होता. चावी फिरवल्यावर त्याच बल्बमधून अल्टरनेटरच्या रोटरला (आतल्या फिरत्या चुंबकाला) पहिला करंट जातो, त्यावर तो जागा होतो. बल्ब उडाला, अल्टरनेटर झोपलेलाच. चावी ऑन केल्यावर लाल दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे. रोज सकाळी एवढं बघायची सवय लावली तर बरंच आधी कळतं.

पद्मिनी१९७८

@उद्यमबागचे_काका, बेल्ट आत्ताच दाबून बघितला. अर्धा इंचच दबतोय. म्हणजे ठीक आहे ना? बेल्ट मागच्या वर्षीच बदलला होता. दुकानात पद्मिनीचा नव्हता, "हाच बसतो" म्हणून दिला आणि बसलाही.

उद्यमबागचे_काका

"हाच बसतो" हे शब्द ऐकले की माझे कान टवकारतात. बेल्ट काढ. पुलीच्या खाचेत टॉर्च मार. खाचेचा तळ कसा दिसतो ते सांग. गंजलेला आहे, काळा आहे, का चकचकीत?

खानापूरची_बाई

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. यजमानांची अँबॅसिडर अजून दारात आहे, तिची देखभाल मीच बघते. थोडी मूळ गोष्ट सांगते, कारण इथे व्होल्टचे आकडे येतायत आणि पुष्कळांना ते पुसट वाटत असतील.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेल भरलेला असताना साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. आणि हे माप गाडी नुकतीच बंद केली असताना घ्यायचं नाही. चार-सहा तास, शक्यतो रात्रभर थांबून घ्यायचं, कारण चार्जिंगनंतर काही वेळ आकडा फुगलेला असतो.

बॅटरी भरायची तर तिच्यापेक्षा जास्त दाबाने करंट आत ढकलावा लागतो. म्हणून चांगल्या चालणाऱ्या गाडीत, रेस थोडी वाढवल्यावर, बॅटरीच्या टोकांवर १४ च्या जवळपास मिळायला हवेत. तुमच्याकडे १२.४ मिळतात. म्हणजे बॅटरी भरतच नाही. उलट १५ च्या वर गेले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला, मग पाणी उकळतं, आटतं, प्लेटा खराब होतात.

आणि एक. बॅटरी अशी अर्धीमुर्धी भरलेली महिनोन्महिने ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात, ते नंतर सहज विरघळत नाहीत. तुमची पहिली बॅटरी बहुधा अशीच गेली असेल. ती मुळात खराब नसावी, कायम अर्धपोटी ठेवल्यामुळे गेली असावी.

हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजायची नळी) मिळत असेल तर घ्या, फार महाग नसतो. भरलेल्या सेलमध्ये १.२६ ते १.२८ दाखवतो. सहाही सेल सारखे उतरले असतील तर चार्जिंगचा दोष. पाच बरे आणि एकच खाली असेल तर तो सेल गेला.

अथणीकर

बाई, सहा वर्षं गाडी चालवतोय, हे आज पहिल्यांदा नीट कळलं. धन्यवाद.

पुण्यातला_बेळगावकर

धागा वाचून आमच्या टिळकवाडीतल्या घरची फियाट आठवली. थंडीत सुरू व्हायची नाही तेव्हा गल्लीतली झाडून सगळी पोरं धक्का मारायला. आरपीडी कॉलेजपर्यंत ढकलत न्यायचो. सुरू झाली की एक फेरी सगळ्यांना. आता पुण्यात गाडीला धक्का मारायला माणूस शोधावा लागतो.

कॅम्पातला_बंड्या

@पुण्यातला_बेळगावकर, आता अल्टरनेटरच्या आणि इंजेक्शनच्या गाड्या आल्या. बॅटरी ठार मेली की धक्का मारूनसुद्धा येत नाहीत, त्यामुळे माणूस मिळाला तरी उपयोग नाही. जांबोटीत याची पद्मिनी धक्क्यावर आली ते नशीबच म्हणायचं.

जांबोटीचा_जीपवाला

आमच्याकडे जून ते सप्टेंबर जीप नुसती भिजते. पाऊस किती ते कणकुंबीकडच्या लोकांना विचारा. माझे दोन अनुभव सांगतो.

एक, टर्मिनल. पॉझिटिव्हवर पांढरी-निळसर भुकटी धरते. वरून पुसून काढलं तर भागत नाही. क्लॅम्प सोडवून आतली बाजू आणि बॅटरीचा शिशाचा खुंट, दोन्ही पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासायचे. भुकटीवर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओतला की फसफसून निघून जाते, पण झाकणाच्या भोकातून ते पाणी आत जाऊ द्यायचं नाही. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. सोडताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाणा पॉझिटिव्हवर असताना बॉडीला लागला तर काय होतं ते मी बघितलंय, पाणा तिथेच चिकटला होता.

दुसरा, उंदीर. गोठ्याशेजारी जीप उभी असते. भाताचे दिवस आले की उंदीर बॉनेटमध्ये. डायनामोकडून कटआउटकडे जाणाऱ्या बारीक वायरचं कव्हर खाल्लं, वायर बॉडीला लागून अर्थ झाली. ती फिल्डची, म्हणजे डायनामोतलं चुंबक जागं करणारी वायर. फिल्ड गेलं की डायनामो नुसता फिरतो, करंट शून्य. तीन दिवस शोधत होतो.

पद्मिनी१९७८

@उद्यमबागचे_काका, बेल्ट काढला. तुम्ही म्हणालात तसंच आहे. डायनामोच्या पुलीच्या खाचेचा तळ स्टीलच्या ताटासारखा चकचकीत आहे, मला त्यात टॉर्चचा उजेड दिसला. दोन्ही बाजूंच्या भिंती मात्र काळपट, मळकट. बेल्टच्या खालच्या बाजूला काळी तकाकी आलीय, नख फिरवलं तर घसरतं.

उद्यमबागचे_काका

सापडला चोर. निदान एक तरी.

व्ही बेल्ट हा भिंतींवर पकड धरतो, पाचरीसारखा. तळाला त्याने टेकायचंच नसतं. तुझा बेल्ट अरुंद आहे, म्हणून खाली बसलाय. कितीही ताण, तळावर घसरणारच. थोडा भार असला तर ओढतो. हेडलाइट आणि वायपर एकदम लागले की डायनामो जड होतो, बेल्ट सरकतो, डायनामो मंदावतो. पावसात पाणी उडालं की आणखी. तुझी कणकुंबीची सगळी गोष्ट यात बसते.

मापाचा बेल्ट घे. बेल्टवर माप छापलेलं असतं, पण जुना बेल्टच चुकीचा असल्यामुळे त्यावरून घेऊ नको. पुली हातात घेऊन दुकानात जा. बेल्टचा वरचा काठ पुलीच्या काठाशी जवळपास सपाट आला पाहिजे, खाली फट राहिली पाहिजे.

बेल्ट निघालाच आहे तर डायनामोची पुली हाताने फिरव. खरखर आहे का, वर-खाली हलते का बघ. मागच्या बाजूला बुश असतो, तिथे तेल सोडायची जागा असेल तर इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब. जास्त नको, तेल आत गेलं की कॉम्युटेटर (आतला तांब्याचा फिरता गोल) आणि कार्बन (त्यावर घासून करंट बाहेर काढणारे ब्रश) भिजतात.

चिकोडीकर२३

काका, मान्य, बेल्ट दोषी. पण मूळ मुद्दा राहतोच. नवा बेल्ट घालून डायनामो किती देणार? वीस अँपिअरच्या आसपास, तेही चांगल्या रेसवर. @पद्मिनी१९७८, तुझ्या हेडलाइटमध्ये बल्ब कुठले आहेत?

पद्मिनी१९७८

१००/९० चे हॅलोजन. घाटात दिसत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच घातले.

चिकोडीकर२३

झालं. वॅट भागिले व्होल्ट करा. लो बीमवर ९० आणि ९०, एकशे ऐंशी. भागिले बारा, पंधरा अँपिअर नुसत्या हेडलाइटला. इग्निशन कॉइल तीन-चार. वायपर तीन. मागचे दिवे, नंबर प्लेट, मीटर मिळून दोन. ब्रेक दाबला की २१ वॅटचे दोन बल्ब, साडेतीन अँपिअर. पंचवीसच्या पुढे गेलं. डायनामो पूर्ण जोरात असला तरी बॅटरीतून सहा-सात अँपिअर जातच राहणार. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रेस कमी पडली की आणखी जास्त. बेल्ट बदलला तरी कणकुंबी पुन्हा होणार. अल्टरनेटर घाला, साधा ३५ अँपिअरचा घातला तरी निवांत.

खानापूरची_बाई

हिशेब अगदी बरोबर. पण त्याच हिशेबातून दुसरं उत्तरही निघतं. मूळ बल्ब ४५/४० चे असायचे. लो बीमवर ऐंशी वॅट, म्हणजे सात अँपिअरपेक्षा कमी. आठ अँपिअर वाचले. १००/९० चे बल्ब जुन्या वायरिंगवर तसेही धोक्याचे. हेडलाइटचा स्विच आणि होल्डर त्या करंटसाठी केलेले नसतात. स्विच हाताला गरम लागतो का बघा. आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातात ते वेगळंच. रिफ्लेक्टर काळे पडले असतील तर ते बदला, होल्डरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचू द्या, साध्या बल्बनेसुद्धा छान उजेड पडतो. आमच्या अँबॅसिडरने रामनगरकडून अनमोडमार्गे मडगाव साध्या बल्बवर किती वेळा केलंय.

अल्टरनेटर आयडलला का देतो तेही सांगते. डायनामोत पूर्ण करंट कॉम्युटेटर आणि कार्बनमधून बाहेर येतो, म्हणून त्याला फार जोरात फिरवता येत नाही, ठिणग्या उडतात. पुली मोठी ठेवावी लागते. अल्टरनेटरमध्ये करंट स्थिर कॉइलमधून निघतो, ब्रशमधून फक्त रोटरचे दोन-तीन अँपिअर जातात. म्हणून छोटी पुली लावून तो पुष्कळ जोरात फिरवता येतो. चिकोडीकरांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरंच आहे. रोज शहरात चालवायची असेल तर मीही बदलला असता. वर्षातून दोन-तीनदा सांखळीला जाणाऱ्या गाडीला नाही.

पुण्यातला_बेळगावकर

आणखी एक. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तुझी गाडी २०२८ ला पन्नास पूर्ण करेल. मूळचं जे आहे ते टिकवलंस तर बाबांना किती आनंद होईल. अल्टरनेटर घातलासच तर डायनामो आणि कटआउट कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेव, भंगारात देऊ नको.

चिकोडीकर२३

आमच्या काकांचा डायनामो भंगारात गेला. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता सुटे भाग शोधताना लोकांची धावपळ बघतो तेव्हा वाटतं, ठेवायला हवा होता.

निपाणी_नाना

मध्येच एक गंभीर गोष्ट. बॅटरी चार्जिंगला असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आमच्या गल्लीत एकाने बॅटरीचं पाणी बघायला झाकणं उघडली, नीट दिसेना म्हणून काडी ओढली. बॅटरीचं वरचं आवरण उडालं, अॅसिड तोंडावर. शेजारच्या आजींनी हौदात डोकं धरून वीस मिनिटं पाणी ओतलं म्हणून डोळे वाचले. पाणी बघायचं तर टॉर्चने बघा. बिडी-सिगारेट दहा हात लांब. पाणी डिस्टिल्डच घाला, प्लेटा बुडून थोडं वर येईल इतकंच. नळाचं, बोअरचं नको.

अथणीकर

माझा प्रश्न धाग्यातच विचारतो. माझ्या जुन्या गाडीत डायनामो आहे. चार्जिंग छान होतं, १४ दाखवतो. पण गाडी संध्याकाळी उभी केली की सकाळी बॅटरी खल्लास. सगळे दिवे बंद असतात.

उद्यमबागचे_काका

संध्याकाळी गाडी उभी करून चावी काढून घे. इंजिन गार व्हायला दोन तास जाऊ देत. मग डायनामोच्या अंगाला हात लाव. इंजिन गार आणि डायनामो कोमट लागला तर कटआउटचे पॉइंट चिकटलेत. कटआउट म्हणजे झडप. डायनामोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं की लागतो, खाली आलं की सुटतो. चिकटला की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत रात्रभर जातो. तसंच ठेवलं तर वायर जळते. तोवर उभी करताना बॅटरीचं एक टर्मिनल सोडून ठेव.

पॉइंट घासून साफ होतात, पण स्प्रिंगचा ताण अंदाजाने वाकवू नको. ते ज्याला येतं त्याच्याकडूनच.

अथणीकर

काका, डायनामो कोमट आहे! आत्ता रात्री साडेदहाला हात लावून आलो. घरचे म्हणाले काय झालं तुला. टर्मिनल सोडून ठेवलंय.

जांबोटीचा_जीपवाला

@पद्मिनी१९७८, तुझी पहिली पोस्ट परत वाचली. तू लिहिलंस, चोकची केबल दोन वर्षांत दुसऱ्यांदा चिकटली. काढलेली केबल अजून आहे का? तिचं प्लॅस्टिक कव्हर वितळलेलं आहे का?

पद्मिनी१९७८

हो, डिकीत आहे. दोन ठिकाणी कव्हर वितळून फुगलंय. मला वाटलं सायलेन्सरच्या पाइपला लागत असेल.

जांबोटीचा_जीपवाला

मग इंजिनची अर्थिंग गेलीय. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीला धातूने चिकटलेलं नसतं. त्यासाठी इंजिन किंवा गिअर बॉक्सपासून बॉडीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी असते. ती तुटली किंवा गंजली की सेल्फ मारताना शेकडो अँपिअर परत जायला वाट शोधतात. चोकची केबल इंजिनला आणि बॉडीला दोन्हीकडे जोडलेली, करंट तिच्यातूनच जातो. ती तापते, वितळते, चिकटते. माझ्या जीपची अॅक्सिलरेटरची केबल अशीच गेली होती.

उद्यमबागचे_काका

शाबास रे जीपवाल्या. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

पोरा, मोजून खात्री कर. नवा बेल्ट घातलास की इंजिन चालू, हेडलाइट चालू, रेस थोडी वर. मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर. दुसरी डायनामोच्या अंगावर, रंग नसलेल्या जागी. ०.२ च्या आत आलं तर अर्थिंग बरी. जास्त आलं तर तेवढं व्होल्टेज वाटेत सांडतंय.

पद्मिनी१९७८

चार दिवसांनी लिहितोय, कारण बेल्ट मिळायला वेळ लागला. बेळगावात तीन दुकानं फिरलो, शेवटी पुली पिशवीत घालून संकेश्वरला गेलो, तिथे मिळाला.

नवा बेल्ट घातल्यावर, रेसवर, हेडलाइट बंद: १३.३. हेडलाइट लावून: १२.७. सुधारलं, पण बाई म्हणाल्या तेवढं नाही.

मग अर्थिंगचं माप घेतलं. ०.८!

गाडी वर करून बघितली. पट्टी जागेवर होती, लांबून अगदी धड दिसत होती. बोल्ट सोडवायला गेलो तर पट्टीचं टोक हातातच आलं. तांब्याच्या विणीतले थोडेच धागे शिल्लक होते, बाकी हिरवी भुकटी. बॉडीवरच्या बोल्टखाली रंगाचा थर होता. सात-आठ वर्षांपूर्वी गाडी रंगवली तेव्हा त्यांनी बोल्ट काढून रंग मारला आणि परत बसवताना पट्टी रंगावरच बसली असणार. पत्रा उघडा होईपर्यंत घासला, नवी पट्टी लावली, वरून ग्रीस.

आता: अर्थिंग ०.१. हेडलाइट बंद असताना १४.१. बल्बही ४५/४० चे करून घेतले, ते लावून १३.८. वायपर चालू केल्यावर १३.६. लाल दिवा पूर्ण विझलेला.

बॅटरी बाहेर काढून दुकानात सावकाश चार्ज करून घेतली. रात्रभर ठेवून १२.५ आले. हायड्रोमीटरने सहाही सेल जवळजवळ सारखे. नवी बॅटरी घ्यायची गरज नाही.

खानापूरची_बाई

छानच. १२.५ पुरेसं आहे, दोन-तीन लांब फेऱ्या झाल्या की आणखी सुधारेल. गाडी उभी राहणार असेल तर पंधरा दिवसांतून एकदा तासभर बाहेर काढा. दारात पाच मिनिटं चालू करून बंद करणं उलट वाईट. सेल्फने घेतलेलंसुद्धा तेवढ्यात परत भरत नाही, डायनामोवर तर नाहीच.

चिकोडीकर२३

हरलो म्हणणार नाही, पण अर्थिंगची पट्टी आणि बेल्ट यावर सगळं सुटलं याचा आनंद आहे. आणि एक कबूल करतो. ही अर्थिंग न बघता अल्टरनेटर घातला असतास तर चोकची केबल तिसऱ्यांदा वितळली असती.

अथणीकर

माझाही कटआउट साफ करून आणला. दोन रात्री झाल्या, सकाळी गाडी एका सेल्फला येते.

कॅम्पातला_बंड्या

मुख्य प्रश्न राहिला. जांबोटीच्या मामांना कुंदा पोचला का?

पद्मिनी१९७८

पोचला! काल मुद्दाम संध्याकाळी निघालो, बाबांना घेऊन. अर्धा किलो कुंदा दिला, मामा घेईनात, मग टपरीवर सगळ्यांनी मिळून खाल्ला. तिथून पुढे कणकुंबीपर्यंत गेलो. त्याच वळणावर पाऊस लागला. वायपर एकदाही अडकला नाही. बाबा समोर रस्ता सोडून सारखे मीटरमधल्या लाल दिव्याच्या जागेकडे बघत होते.

काका, बाई, जीपवाले दादा, चिकोडीकर, सगळ्यांचे मनापासून आभार.

उद्यमबागचे_काका

बाबांना नमस्कार सांग. नवा बेल्ट तीनेकशे किलोमीटर चालला की सैल होतो. अंगठ्याने परत दाबून बघितलास का?

पद्मिनी१९७८

दोनशे साठ झालेत काका. रविवारी सकाळी बघतो आणि इथेच लिहितो.